जबड्याचं वय

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे समोरचे वरचे दात खालच्या दातांच्या अकरा मिलिमीटर पुढे होते. दोन-तीन मिलिमीटर अंतर बहुतेकांचं असतं. अकरा म्हणजे दोन ओळींच्या मध्ये करंगळी बसते. तिचा खालचा ओठ त्या फटीत जाऊन अडकायचा आणि वरचे दात त्यावर टेकायचे. ओठाला ओठ लावायचा तर तिला हनुवटी आवळावी लागे. आवळली की हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडत. झोपेत तोंड उघडं राही आणि सकाळी घशाला कोरड पडलेली असे.

घरात याला 'दात पुढं आलेत' एवढंच म्हणत. लहानपणी ती अंगठा चोखायची. कडुलिंबाचा पाला चोळूनही ती सवय लवकर सुटली नव्हती. त्यामुळे दोष अंगठ्यावर गेला होता आणि पुढे कोणी चौकशी केली नव्हती.

बहीण चौसाळ्याला राहते. दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, हायवेलगत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मी बीडला एका दैनिकात काम करतो. मुलगी पाचवीत असताना शाळेच्या नळावर घसरली आणि वरचा एक दात कोपऱ्यात तुटला. बहिणीचा फोन आला.

"दादा, पोरीचा दात फुटला. तुझ्याकडं धाडू का? ह्यांला दुकान सोडवंना आन मला म्हशी हायत्या."

मी तिला बसस्टँडवरून घेतलं आणि ओळखीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तुटलेला कोपरा भरला. मग म्हणाले, दात भरून भागणार नाही, हे पुन्हा आपटतील, कारण तोंडात सगळ्यांत पुढे तेच आहेत. वेडेवाकडे दात सरळ करणारे एक तज्ज्ञ संभाजीनगरहून त्यांच्याकडे दर दुसऱ्या रविवारी येत. त्यांना दाखवा, असं त्यांनी सांगितलं.

तो रविवार दिवाळीनंतरचा, थंडीतला होता. तज्ज्ञ चाळिशीतले, कमी बोलणारे होते. त्यांनी मुलीला खुर्चीत ताठ बसवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बाजूने बराच वेळ पाहिलं. दातांकडे नंतर पाहिलं.

"वरचे दात फारसे पुढे नाहीत," ते म्हणाले. "खालचा जबडा मागे राहिलाय. सगळे वरच्या दातांना नावं ठेवतात, पण ते जागेवर आहेत."

मग त्यांनी मुलीच्या हातात आरसा दिला आणि सांगितलं, खालचा जबडा पुढे आण, अजून, वरच्या दातांना खालचे दात टेकेपर्यंत. तिने आणला. चेहरा बदलला. हनुवटी जिथे असायला हवी तिथे आली, ओठ न आवळता मिटले. ती आरशात पाहत राहिली. डॉक्टर 'बस' म्हणाले तरी तिने जबडा थोडा वेळ तसाच धरून ठेवला होता.

उपचार काय, हे त्यांनी समजावून सांगितलं. प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या दोन प्लेटा करतात, एक वर, एक खाली. दोन्हींवर उतरते ठोकळे असतात. तोंड मिटताना खालचा उतार वरच्या उताराच्या पुढून घसरतो, त्यामुळे जबडा पुढे आणल्याशिवाय तोंड मिटताच येत नाही. मूल दिवसभर बोलतं, गिळतं, जेवतं. दर वेळी स्नायू जबड्याला पुढे धरतात. कानाजवळ जिथे जबड्याचा सांधा आहे, तिथलं हाड वाढत असतं. जबडा पुढे राहिला की वाढ त्या बाजूने होते, आणि वर्षभरात जबडा तिथे स्थिरावतो. प्लेट हाडाला ओढत नाही. काम वाढच करते, प्लेट फक्त दिशा देते.

"म्हणून हे सगळं वाढ सुरू असतानाच," ते म्हणाले. "मुलांची उंची एकदम झपाट्याने वाढते ना, ते वर्ष-दीड वर्ष महत्त्वाचं. ते गेलं की या प्लेटांचा उपयोग नाही. मग वयाची अठरा वर्षं झाल्यावर ऑपरेशन, जबड्याचं हाड कापून पुढे सरकवायचं."

त्यांनी केसपेपर पुढे ओढला.

"वय?"

मी खिशातून आधार कार्डाची झेरॉक्स काढली आणि तारीख वाचून दाखवली. साडेदहा.

"साडेदहाच्या मानाने उंच आहे."

"तिचे वडील उंच आहेत," मी म्हणालो. ते खरं होतं.

त्यांनी पुन्हा तोंडात पाहिलं. मागची दाढ हिरडीतून डोकावत होती. ती बाराव्या वर्षाच्या आसपास येते, ते म्हणाले, हिची जरा लवकर आहे, असतं एखाद्याचं. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "पाळी सुरू झाली का?"

प्रश्न मुलीबद्दल होता, पण विचारला मला होता. मी म्हणालो, "नाही, नाही. लहान आहे अजून."

मुलगी खुर्चीच्या पायाजवळच्या पॅडलकडे पाहत होती.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की घाई नको. आत्ता प्लेटा दिल्या तर वाढीच्या झपाट्याला अजून वर्ष-दीड वर्ष आहे, तोवर पोर कंटाळेल आणि नेमक्या वेळी घालायचं सोडेल. दीड वर्षाने या, तेव्हा मोठा एक्स-रे काढू आणि सुरुवात करू. तसा एक्स-रे तेव्हा त्या दवाखान्यात निघत नव्हता. मी फाइल घेतली. चौसाळ्याच्या बसमध्ये मुलीला बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, फाट्यावर उतरवा.

आमच्या भागात शाळेचे जुने हजेरीपट उघडले तर एक जून ही जन्मतारीख एकाखाली एक उतरलेली दिसते. आईबापांना महिना आठवतो तो सणाच्या हिशोबाने, गुरुजींना शाळा सुरू होण्याआधीची तारीख सोयीची, म्हणून एक जून. मी स्वतः यावर एकदा चौकटीत छोटी बातमी केली होती. एका शाळेतल्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी, अशा थाटाची. ती लोकांना आवडली होती. त्या बातमीत एक गोष्ट नव्हती. वर्ष चुकतं ते अज्ञानामुळेच, असं नाही. पुष्कळदा ते विचार करून चुकवलेलं असतं. भरतीला, स्पर्धा परीक्षांना वयाची अट असते. कागदावर वय कमी असलं तर पुढे एक-दोन वर्षं जास्त मिळतात. शिकलेला नातेवाईक बरोबर असेल तर तोच हे सुचवतो.

या मुलीच्या वेळी तो नातेवाईक मी होतो. पहिलीत नाव घालायला बहीण मला घेऊन गेली होती. मुलगी अंगणवाडीत एक वर्ष जास्तच बसलेली होती. गुरुजींनी विचारलं, "कवाची हाय पोरगी?"

"माघातली," बहीण म्हणाली. "त्या साली आमची विहीर खंदली व्हती बघा."

"विहिरीवरून मी कशी तारीख काढू, बाई? एक जून टाकतो."

"पुढच्या सालचा टाका, गुरुजी," मी म्हणालो. "भरतीला बरं पडतं."

गुरुजी हसले. "पेपरवाल्यांनी सांगितल्यावर काय!" त्यांनी लिहिलं. तिच्या वयातून सोळा महिने गेले. पुढे आधार निघालं ते शाळेच्या दाखल्यावरून. बाळंतपण घरी झालेलं होतं आणि ग्रामपंचायतीत नोंद कोणी केली नव्हती. तेव्हा दुसरा कागद नव्हता, आणि काही वर्षांनी दुसरी आठवणही उरली नाही. दवाखान्यात मी ती झेरॉक्स वाचली तेव्हा मी खोटं सांगतो आहे असं मला वाटलं नाही. माझ्यापुरतं ते खरं झालं होतं.

दीड वर्ष उन्हाळ्याच्या शेवटी पुरं झालं. बहिणीने दोनदा आठवण करून दिली. एकदा म्हणाली, "दादा, ते दाताचं राहिलंय." मी निवडणुकीच्या कामात होतो, म्हणालो, एवढं आटपू दे. दुसऱ्यांदा म्हणाली, "पोरगी रोज इचारती. आरशापुढं जबडा पुढं काढून उभी ऱ्हाती. तिचा बा म्हनतो, कुनाला वेडावतीस गं?" मी म्हणालो, दिवाळीनंतर नक्की.

दिवाळीनंतर गेलो तो दिवस कपिलधारच्या यात्रेचा निघाला. मांजरसुंब्याच्या पुढे वाहनं खोळंबली होती, मुलगी दीड तास उशिरा बीडला पोचली. ती आता सातवीत होती आणि उंचीने माझ्या खांद्याला लागत होती. दवाखान्यात पहिले तज्ज्ञ यायचे बंद झाले होते. त्यांच्या जागी एक बाई येत होत्या, तरुण, बोलायला मोकळ्या. मोठ्या एक्स-रेचं मशीनही आता गावात आलं होतं. त्यांनी आधी तो काढून आणायला लावला. त्यात डोकं, जबडा आणि मान एका बाजूने दिसतात.

त्यांनी एक्स-रे उजेडावर लावून पाहिला. मग जुना केसपेपर काढला. मी उलटा का होईना, वाचू शकत होतो. वय साडेदहा. पाळी: नाही. आणि पुढे कंसात, बातमीत स्रोत लिहितात तसं, 'मामांनी सांगितले'.

"मामा, तुम्ही जरा बाहेर बसा," त्या म्हणाल्या.

बाहेर एक आजोबा कवळीचं माप द्यायला आले होते आणि टीव्ही आवाज बंद करून चालू होता. दहा मिनिटांनी मला आत बोलावलं. मुलगी खुर्चीतून उठून बाजूच्या स्टुलावर बसली होती.

"हिची पाळी सुरू होऊन दोन वर्षं झाली," डॉक्टर म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही आलात त्याच्या दोन महिने आधी. तेव्हा नाही असं का सांगितलं?"

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं.

"माहीत नव्हतं तर नाही का सांगितलं?"

त्यांनी पेनाने एक्स-रेवर मानेचे मणके दाखवले. वाढत्या मुलाचे मणके खालून सपाट असतात. वाढ उतरणीला लागली की ते खालून खोलगट होतात. हिचे खोलगट होते.

"हे बारा वर्षांच्या मुलीचे मणके नाहीत. खरं वय काय?"

मी मनात माघ महिन्यापासून मोजलं. पावणेचौदा.

"मग मागच्या वेळी पावणेबारा होतं," त्या म्हणाल्या. "ती नेमकी वेळ होती. थोडा उशीरच झालेला, पण तेव्हा सुरू केलं असतं तर वर्षभर वाढ हातात होती."

मुलगी हे सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "मग आता न्हाई व्हायचं का?"

"मी फसवणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थोडीफार वाढ शिल्लक असेल, नसेल. प्लेटा सात-आठ महिने घालून बघू. जेवतानासुद्धा काढायच्या नाहीत. तरी होईलच असं नाही."

"घालते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिला सोडायला चौसाळ्याला गेलो. बहीण चुलीपुढे होती. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी सांगितलं. वयाचं सांगितलं, पाळीचंही सांगितलं, तो शब्द न वापरता.

"हां," ती म्हणाली. "पोरीनं त्याच दिवशी सांगितलं व्हतं मला. मामानं न्हाई म्हनून सांगितलं म्हनली."

"मग फोन का केला नाहीस?"

"काय सांगू फोनवर? तुला?" तिने तव्यावरची भाकरी उलटली. "आन त्याचा आन दाताचा काय संबंध, मला काय म्हाईत? डॉक्टर लोकांचं असतंय इचारायचं एकेक. मला वाटलं, झाकली मूठ बरी."

"आणि वय?"

"वय तर तूच लिवलंतास की." तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त आठवण करून देत होती.

डॉक्टरांच्या पुढच्या खेपेला मापं घेतली. गुलाबी पेस्ट भरलेला साचा तोंडात धरताना मुलीला उमासे आले, पण तिने हात वर केला नाही. मग जबडा पुढे आणून मऊ मेणाच्या पट्टीवर चावायला लावलं, म्हणजे प्लेटा त्याच जागेवर बसतील. पंधरा दिवसांनी त्या मिळाल्या. घातल्यावर तिला सांगितलं, बोल काहीतरी. तिने स्वतःचं नाव सांगितलं. ते ओळखू आलं नाही.

पहिल्या महिन्यात लाळ गळायची, म्हणून ती रुमाल बरोबर ठेवायची. सकाळी कानापुढचे स्नायू दुखायचे. भाकरी कालवणात भिजवून, मऊ करून खायची. दाजींच्या दुकानात बसणाऱ्यांना विषय मिळाला. एक जण मी असतानाच दाजींना म्हणाला, "जबडा वाढवायला डॉक्टर लागतो का बे? माझ्या बायकोचा आपोआप वाढलाय."

"तुझी बायको हितं न्हाई म्हनून बोलायलास," दाजी म्हणाले. मग लेकीला हाक मारून, "काय गं, आज इंग्रजीत बोलायलीस का मराठीत?"

"गप बथा, पप्पा," ती म्हणाली आणि सगळे हसले. तीही हसली, रुमाल तोंडाला लावून.

शाळेत हसणं वेगळं होतं. ते तिने कधी सांगितलं नाही. बहिणीकडून कळलं, की वर्गात वाचायला उभं राहायची पाळी आली की ती पोट दुखतंय म्हणून बाहेर जाते. तरी प्लेटा काढत नाही. डॉक्टरांनी रोज किती तास घातल्या ते लिहायला एक तक्ता दिला होता. दर महिन्याला मी तो पाहत होतो. बावीस, तेवीस, बावीस. एका दिवशी एकोणीस होते आणि समोर कारण लिहिलेलं होतं: ताप. महिन्यामागून महिना असा तक्ता मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. चिकाटीवर काम होणार असतं तर ते झालं असतं.

चौथ्या महिन्यापासून अंतर कमी व्हायला लागलं. अकराचं नऊ झालं. आठव्या महिन्यात सात. चौसाळ्याच्या घरात बरं वातावरण होतं. बहिणीने मला कळवलं, "मिटायल्यात ओठ. थोडं ऱ्हायलंय." मी त्या वेळी खूप दिवसांनी नीट झोपलो असेन. नक्की आठवत नाही.

आठव्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढून आणायला लावला. या वेळी बहीण बरोबर होती, म्हशी शेजारणीवर टाकून आली होती. डॉक्टरांनी पातळ कागदावर जुन्या एक्स-रेची काळ्या रेघेने आणि नव्याची लाल रेघेने नक्कल काढली आणि एक कागद दुसऱ्यावर ठेवला. कवटीची रेघ कवटीवर बसली. मग जबडा. खालच्या जबड्याची लाल रेघ काळ्या रेघेवर तंतोतंत होती. मला आधी तिथे एकच रेघ आहे असं वाटलं. फरक फक्त दातांमध्ये होता. खालचे समोरचे दात पुढे कलले होते, वरचे थोडे मागे.

"हाड वाढलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दात कलले आहेत, आणि हिला जबडा पुढे धरायची सवय लागलीये. आणखी ताणलं तर खालचे दात हलतील. मी हे थांबवणार."

बहिणीने विचारलं, "म्हंजी एवढं घातलेलं वाया?"

डॉक्टरांनी त्याला वाया म्हटलं नाही. त्यांनी दोन रस्ते सांगितले. पहिला: वरच्या दोन्ही बाजूंची एकेक निरोगी दाढ काढायची आणि त्या जागेत समोरचे दात तारांनी मागे घ्यायचे. दीड-दोन वर्षांत फट बुजेल, ओठ मिटतील. हनुवटी मागे आहे ती मागेच राहील. दुसरा: आता काही न करता थांबायचं आणि वाढ पूर्ण थांबल्यावर, अठरा-एकोणीसच्या सुमारास, जबड्याचं ऑपरेशन. त्यात हनुवटीही जागेवर येते. पण दोन्ही करता येत नाही, जवळजवळ नाहीच. पहिल्या रस्त्याने वरचे दात मागे गेले, की जबडा पुढे आणायला जागा राहत नाही.

"अठरा म्हंजी कुठलं?" मुलीने विचारलं. "खरं का कागदावरचं?"

डॉक्टर हसल्या, मग थांबल्या. "हाडाचं," त्या म्हणाल्या. "ते कागद बघत नाही."

पंधरा दिवसांनी काय ते सांगा, असं ठरलं.

त्या पंधरा दिवसांत मी बरंच वाचलं. संभाजीनगरला ऑपरेशन कुठे होतं, किती दिवस राहावं लागतं, कोणत्या सरकारी योजनेत बसू शकतं, सगळी माहिती काढली. रविवारी चौसाळ्याला जाऊन ती क्रमाने मांडली. माहितीत चूक नव्हती. थांबावं, असं मी म्हणालो. चार वर्षं म्हणजे फार नाहीत. एकदाच, पण पूर्ण नीट होईल. धावपळ, खर्च, सगळं मी बघेन.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, हाड कापायचं म्हनता, आन गोळी घ्यायची असल्यावानी सांगता."

मुलगी दाराशी बसून शेंगा फोडत होती. तिने टरफलं खाली ठेवली.

"मामा, थांबावं म्हनून तुमाला कावून एवढं वाटायलंय?"

मी म्हणालो, तुझ्याच भल्यासाठी.

"मला ओठ मिटायचेत," ती म्हणाली. "दहावीच्या आदी. चार वर्सं मी हनुवटी आवळून बसू का? आन तवर हाडाचं आनखी कायतरी निघालं तर?"

मी पुन्हा हनुवटीबद्दल सांगितलं. पहिल्या रस्त्याने चेहरा बाजूने तसाच राहील, कायमचा.

"ठावं हाय. मी इचारलंय बाईंला. फोन केलता मीच." ती म्हणाली. "तुमाला वाटतंय, ऑपरेशन झालं की ते सगळं झाल्यासारखं व्हईल. पहिल्या टायमाला व्हायला पायजे व्हतं तसं."

ती जे म्हणाली ते बरोबर होतं. ऑपरेशनने जबडा तिथे गेला असता जिथे तो बाराव्या वर्षी जाऊ शकला असता, आणि मधली वर्षं कोणाला दिसली नसती. मी तिच्यासाठी थांबायला सांगत होतो, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ती चार वर्षं तिची जाणार होती आणि पुसली जाणार होती ती माझी चूक. मी आणलेले कागद घडी करून पिशवीत ठेवले. दाजी म्हणाले, "चहा टाका आता कुनीतरी." बहीण उठली.

दाढा काढल्या तो दिवस गुरुवार होता. मी जिल्हाधिकारी कार्यालयात पत्रकार परिषदेला बसलो होतो. बहिणीचा फोन आला, म्हणून व्हरांड्यात गेलो.

"काढल्या, दादा. दोनी. चांगल्या व्हत्या रे, पांढऱ्याशिप्पट. एक डाग न्हाई."

"मुलगी कशी आहे?"

"कापूस चावून बसलीय. बोलना. तुला सांग म्हनली, दुखत न्हाई."

मी येऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, नको, आम्ही जाऊ, बस लागलीये.

त्यानंतर दर महिन्याला त्या दोघीच येतात. तारा आवळायचं काम अर्ध्या तासाचं असतं. कधी दवाखान्यातून निघाल्यावर बहीण फोन करते, कधी करत नाही. मी विचारायचं कमी केलं आहे.

मुलगी आता दहावीला आहे. फट बुजली आहे, तारा अजून काही महिने राहतील. ओठ मिटतात, आवळावे लागत नाहीत, हनुवटीवर खड्डे पडत नाहीत. वर्गात ती उभी राहून वाचते, असं दाजी सांगतात. जबड्याचा विषय घरात काढायचा नाही, असं तिने आईला बजावलं आहे, आणि कोणी काढत नाही. मी चौसाळ्याला जातो तेव्हा अभ्यासाचं बोलणं होतं, लाइट किती वेळ होती ते बोलणं होतं. समोरून पाहिलं तर तिच्या चेहऱ्यात काही कळत नाही. बाजूने पाहिलं तर हनुवटी मागे आहे, आठव्या महिन्यातल्या लाल रेघेवर होती तिथेच. मी गेलो की ती शक्यतो माझ्या समोर बसते.